वालुकापाषाणांतील कण व दगडाचें मूळस्थान

(१)

जुनी पोथी हातीं आली म्हणजे संशोधक तिला तीन प्रश्न विचारतो. मूळ ग्रंथ कोणी व केव्हां रचिला. ही प्रत कोणी, कोठें व कोणत्या शकांत उतरविली. आणि आज ती जेथें सांपडली तेथें ती कशी आली. हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत, व त्यांचीं उत्तरें एकमेकांत मिसळलीं कीं घोटाळा होतो. नाशिकास सांपडलेली प्रत नाशिकासच लिहिली गेली असें म्हणतां येत नाहीं, व नक्कल शके १६५० ची म्हणून ग्रंथही शके १६५० चा ठरत नाहीं. हा विवेक हस्तलिखितांच्या संग्राहकांस नवा नाहीं. परंतु दगडाविषयीं बोलतांना मात्र आपण तो पुष्कळदां सोडून देतों. मूर्तीचा, स्तंभाचा किंवा शिलालेखाचा दगड "अमुक खाणींतला दिसतो" असें रंगावरून कोणी एकदां लिहितो, व पुढील लेखक तेंच वाक्य आधार म्हणून उतरून घेतात.

वस्तुतः दगडासही हे तीन प्रश्न विचारतां येतात. आणि दगड वालुकापाषाणाचा असेल तर पहिल्या दोहोंचीं उत्तरें तो स्वतःच्या अंगांत बाळगून असतो. तीं त्याच्याकडून कशीं वदवून घ्यावयाचीं, व त्यांवर कितपत भिस्त ठेवावयाची, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. उदाहरणादाखल इंग्लंडांतील स्टोनहेंज येथील एका शिळेची हकीकत घेतली आहे. या शिळेविषयीं शंभर वर्षें चालत आलेलें मत इ. स. २०२३ व २०२४ या दोन वर्षांत पालटलें, आणि तें कोणत्या पुराव्यावर पालटलें हें क्रमाक्रमानें पाहतां येतें. पुराणवस्तूंच्या अभ्यासकास या हकीकतींत घेण्यासारखें पुष्कळ आहे.

(२)

प्रथम वालुकापाषाण म्हणजे काय तें पाहूं. महाराष्ट्रांतील वाचकाच्या नित्य परिचयाचा दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण. तो अग्निजन्य आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून तप्त रसाचे लोट वर आले, पसरले व थंड होऊन घट्ट झाले; त्यांतच पुढें वेरूळ व अजिंठा येथील लेणीं कोरलीं गेलीं. या दगडाचे कण जेथें जन्मले तेथेंच दगडही झाला. बदामीचीं चालुक्यांचीं लेणीं ज्या दगडांत आहेत त्याची गोष्ट अशी नाहीं. तो वालुकापाषाण होय. त्यांतील प्रत्येक कण पूर्वीं दुसऱ्या कोणत्या तरी खडकाचा अवयव होता. ऊन, पाऊस व वारा यांनीं तो मूळ खडक झिजविला, नद्यांनीं कण वाहून नेले, सखल जागीं ते थरावर थर सांचले, आणि वरच्या थरांच्या भारानें व मध्यें झिरपणाऱ्या चुन्याच्या किंवा गारेच्या बंधनानें त्यांचा पुन्हां दगड बनला. म्हणून वालुकापाषाणास एक जन्मस्थान नसतें. कणांचें माहेर निराळें, व दगडाचें घर निराळें.

हा दगड म्हणजे अनेक जुन्या ग्रंथांतील वेंचे एकत्र करून लिहिलेल्या बाडासारखा आहे. बाड कोठें लिहिलें गेलें हें कागदावरून व अक्षरावरून ठरतें. त्यांतील वेंचे कोणाचे, हें त्या त्या वेंच्याच्या भाषेवरून ठरतें. वालुकापाषाणांत ही भाषा म्हणजे त्यांतील खनिजें.

यांपैकीं तीन खनिजें विपुल असतात. पहिलें गारगोटी, हें कठीण व पाण्यांत न विरणारें असल्यामुळें सर्वांत अधिक टिकतें. दुसरें फेल्स्पार, हें दमट हवेंत कुजून त्याची शाडू होते, म्हणून तें ताजें दिसल्यास कण फार दूरचा नसावा किंवा हवा कोरडी असावी असें समजतें. तिसरें अभ्रक, त्याचे पापुद्रे पाण्यांत तरंगत दूर जातात व संथ पाण्यांत खालीं बसतात. यांखेरीज शेंकडा एकाहूनही कमी प्रमाणांत कांहीं जड खनिजें असतात: झिरकॉन, रुटाइल, टूर्मलीन, तामडा, अपॅटाइट इत्यादि. प्रमाणानें हीं नगण्य, परंतु साक्षीच्या दृष्टीनें हींच सर्वांत मोलाचीं. कारण गारगोटी बहुतेक कोणत्याही प्रदेशांतून येऊं शकते, पण यांतील एकेक खनिज विशिष्ट प्रकारच्या खडकांतच जन्मतें. तामडा विपुल असल्यास मूळ खडक बहुधा भूगर्भांत दाब व उष्णता सोसून रूपांतर पावलेला असतो. झिरकॉन मुख्यतः ग्रॅनाइटांतून व त्याच्या जातीच्या खडकांतून येतो. रुटाइल बहुतेक रूपांतरित खडकांतून येतें.

(३)

हे कण वाचण्याच्या रीती तीन आहेत, व त्या एकामागून एक प्रचारांत आल्या.

पहिली रीत पातळ चकतीची. दगडाची खापरी घासून घासून मिलिमीटरच्या तीनशतांश भागाइतकी पातळ केली म्हणजे तिच्यांतून प्रकाश आरपार जातो, व सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्येक कण स्वतंत्र ओळखतां येतो. ही विद्या शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केली. इ. स. १८८० सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सभेच्या अध्यक्षपदावरून बोलतांना त्यानें गारगोटीच्या कणांच्या अंतरंगावरून त्यांचें मूळ कसें ओळखावें याचें विवेचन केलें. एकाच दिसणाऱ्या गारगोटींतही भेद असतात. दाब सोसलेल्या खडकांतील कण ध्रुवित प्रकाशांत फिरविला असतां एकदम काळा न पडतां त्यावरून सांवली लाटेसारखी सरकते. ज्वालामुखींतून आलेला कण बहुधा निर्मळ असतो. चकतींतील तीनशें ते पांचशें कण मोजून गारगोटी, फेल्स्पार व खडकांचे बारीक तुकडे यांचें परस्पर प्रमाण काढण्याची वहिवाट पुढें पडली. या प्रमाणांवरून वाळू जुन्या स्थिर भूमीची, ज्वालामुखींच्या रांगेची, कीं नव्यानें उचललेल्या पर्वताची, हें ठरविण्याचे कोष्टक विल्यम डिकिन्सन व क्रिस्टोफर सुचेक यांनीं इ. स. १९७९ सालीं मांडलें.

दुसरी रीत जड खनिजें वेगळीं काढण्याची. सराफकट्ट्याच्या गटारांतील माती धुऊन सोन्याचा कस काढणारा झारेकरी ज्या तत्त्वावर काम करतो तेंच येथें आहे. कोंकणांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात तेही याच तत्त्वानें झालेले असतात. लाट हलके कण ओढून नेते व इल्मेनाइटासारखे जड कण मागें ठेवते. प्रयोगशाळेंत दगड कुटून त्याची वाळू करतात व ती ब्रोमोफॉर्मासारख्या जड द्रवांत टाकतात. ब्रोमोफॉर्माचें विशिष्ट गुरुत्व सुमारें २.८९, गारगोटीचें २.६५, झिरकॉनचें सुमारें ४.६. अर्थात् गारगोटी व फेल्स्पार वर तरंगतात आणि जड खनिजें तळास जातात. तीं निवडून मोजलीं म्हणजे त्या दगडाची एक ओळख तयार होते. या रीतीचा इंग्लंडांत आरंभीं अवलंब करणाऱ्यांत हर्बर्ट हेन्री टॉमस हा होता. पश्चिम इंग्लंडांतील एका गोट्यांच्या थरांतील बारीक वाळूवर त्याचा निबंध इ. स. १९०२ सालीं प्रसिद्ध झाला. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. तें पुढें पुन्हां येणार आहे.

(४)

तिसरी रीत कणांचें वय काढण्याची. झिरकॉनचा स्फटिक तप्त रसांतून बनतांना युरेनियमचे अणु आपल्या घडणींत सहज सामावून घेतो, पण शिशास जवळ जवळ थारा देत नाहीं. पुढें युरेनियमचें ठरलेल्या गतीनें शिशांत रूपांतर होत जातें. घटिकापात्र पाण्यावर ठेवल्याक्षणीं रिकामें असतें, व आंत किती पाणी आलें यावरून किती वेळ गेला हें कळतें. त्याचप्रमाणें स्फटिकांत आज किती शिसें सांचलें आहे व किती युरेनियम उरलें आहे यावरून त्याचें वय निघतें.

यांत विशेष सोय अशी कीं युरेनियमचे दोन प्रकार असून त्यांच्या गती निरनिराळ्या आहेत. एक निम्मा होण्यास ४४७ कोटी वर्षें लागतात, दुसरा सुमारें ७० कोटी वर्षांत निम्मा होतो, आणि दोहोंपासून होणारें शिसेंही वेगळें ओळखतां येतें. म्हणजे एकाच कणांत दोन घटिकापात्रें ठेवलेलीं असतात. जुन्या पत्रांत शक, शुहूर सन, तिथि व वार दिलेले असले म्हणजे आपण ते जंत्रीस लावून पाहतों. जुळले तर मिती विश्वसनीय, न जुळल्यास कोठें तरी लेखनिकाचा हस्तदोष किंवा मागाहूनची लबाडी. येथेंही तसेंच. दोन्ही घटिकापात्रें एकच वय दाखवितील तर तें वय घ्यावयाचें. न दाखवितील तर कणास मध्यंतरीं कांहीं बाधा झाली असें समजून तो बाजूस ठेवावयाचा. रुटाइल व अपॅटाइट यांचेंही वय अशाच प्रकारच्या रूपांतरांवरून काढतां येतें. हल्लीं लेसर किरणानें कणावर केंसाच्या जाडीएवढा डाग पाडून तेथील अणु मोजतात. कण जागचा हलवावा लागत नाहीं.

परंतु वय हातीं आलें म्हणजे तें कशाचें वय, हा प्रश्न विसरूं नये. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील जॅक हिल्स येथें सांपडलेला झिरकॉनचा एक कण सुमारें ४४० कोटी वर्षांचा आहे, असें इ. स. २००१ सालीं जाहीर झालें. ज्या थरांत तो सांपडला तो थर मात्र सुमारें ३०० कोटी वर्षांपूर्वींचा. कण व दगड यांत १४० कोटी वर्षांचें अंतर आहे. कणाचें वय हें मूळ ग्रंथाचें वय होय, प्रतीचें नव्हे. प्रतीविषयीं त्यावरून एवढेंच ठरतें कीं ती आपल्यांतील सर्वांत तरुण कणाहून जुनी असूं शकत नाहीं. ज्या बखरींत पानिपतच्या लढाईचा उल्लेख आहे ती इ. स. १७६१ च्या पूर्वींची नव्हे, हा जो आपला नेहमींचा न्याय, तोच हा.

दुसरें, एका कणाच्या साक्षीस किंमत नाहीं. अनेक कणांचीं वयें काढून त्यांचे गट पाडावे लागतात. कोणत्या वयाचे कण किती, कोणत्या वयाचे मुळींच नाहींत, यावरून त्या दगडाचें जें एकंदर चित्र तयार होतें तें दुसऱ्या दगडाच्या चित्राशीं ताडून पाहावयाचें. घराण्याची ओळख जशी एका पुरुषाच्या नांवावरून न होतां संबंध वंशावळीवरून होते तसेंच हें आहे.

(५)

आतां स्टोनहेंजकडे वळूं. दक्षिण इंग्लंडांत विल्टशर परगण्यांतील सॅलिसबरीच्या माळावर हें पाषाणवर्तुळ आहे. त्यांतील मोठ्या शिळा सार्सेन नांवाच्या दगडाच्या असून त्या इ. स. पूर्वीं २५०० च्या सुमारास उभारल्या गेल्या. त्यांचा दगड सुमारें पंचवीस किलोमीटरच्या आंतला आहे. लहान शिळांस नीलपाषाण म्हणतात. यांखेरीज मध्यभागीं एक शिळा आडवी पडलेली आहे. ती सुमारें पांच मीटर लांब, एक मीटर रुंद व अर्धा मीटर जाड असून वजन सुमारें सहा टन आहे, व तिच्यावर दोन सार्सेन शिळा कोसळल्या आहेत. सतराव्या शतकांतील शिल्पज्ञ इनिगो जोन्स यानें ती वेदी असावी असें मानलें, व तेव्हांपासून तिला वेदीशिळा हें नांव पडलें. दगड हिरवट-करडा, अभ्रकयुक्त, चुन्याच्या बंधनाचा वालुकापाषाण आहे.

इ. स. १९२३ सालीं लंडनच्या पुराणवस्तुशोधक सभेच्या त्रैमासिकांत, वर ज्याचें नांव आलें त्या हर्बर्ट टॉमसचा स्टोनहेंजच्या दगडांवरील निबंध प्रसिद्ध झाला. नीलपाषाणांतील ठिपक्यांचा डोलेराइट नैर्ऋत्य वेल्समधील प्रेसेली डोंगरांतला आहे, हें त्यानें पातळ चकत्या ताडून दाखविलें. हा डोंगर तेथून सव्वादोनशें किलोमीटरांवर आहे. हें त्याचें मुख्य प्रमेय आजही उभें आहे. डोंगरांतील नेमकी जागा मात्र पुढील संशोधकांनीं थोडी बदलली. त्याच निबंधांत वेदीशिळेविषयींही त्यानें सुचविलें कीं ती दक्षिण वेल्समधील जुन्या तांबड्या वालुकापाषाणाच्या थरांतली, म्हणजे मिलफर्ड हेव्हनजवळच्या किंवा सेन्नी नांवाच्या थरांतली असावी.

ही सूचना होती, सिद्धांत नव्हता. पण तिला दोन गोष्टींचा पाठिंबा मिळाला. दगड दिसावयास तिकडच्या दगडासारखा होता; आणि प्रेसेलीहून शिळा समुद्रमार्गें आणतांना वाटेंत मिलफर्ड हेव्हन लागतें, ही कल्पना मनास पटणारी होती. पुढील लेखकांनीं सूचनेचा सिद्धांत केला. ज्या मार्गाच्या आधारानें दगडाचें स्थान ठरविलें, त्या मार्गास तेंच स्थान पुरावा म्हणून दाखविण्यांत येऊं लागलें. असें वर्तुळ आपल्याकडील इतिहासलेखनांतही अपरिचित नाहीं.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं चकत्या पुन्हां तपासण्यांत आल्या तेव्हां मिलफर्ड हेव्हनचें नांव गळालें. सेन्नी थर उरले. यानंतर रिचर्ड बेव्हिन्स व त्यांचे सहकारी यांनीं शिळेस धक्का न लावतां, हातांत धरण्याजोग्या क्षकिरण यंत्रानें तिचें रासायनिक घटक मोजले. तिच्यांत बेरियम ही धातु असामान्य प्रमाणांत आढळली. वेल्स व लगतच्या इंग्लंडांतील तांबड्या वालुकापाषाणाचे अनेक नमुने तपासले असतां त्यांशीं तिचा मेळ बसेना. शिळा बहुधा या खोऱ्यांतलीच नव्हे, शोधाचें क्षेत्र वाढविलें पाहिजे, असें या मंडळीनीं इ. स. २०२३ सालीं स्पष्टपणें लिहिलें. वाचकांच्या हें ध्यानांत यावें कीं नवें स्थान सांपडण्यापूर्वींच जुनें स्थान सोडण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें, व वेल्सच्या बाजूनें पूर्वीं लिहिणाऱ्यांत ते स्वतःही होते.

इ. स. २०२४ च्या ऑगस्टांत, पर्थ येथील कर्टिन विद्यापीठाचे अँथनी क्लार्क यांनीं बेव्हिन्स प्रभृतींच्या सहकार्यानें 'नेचर' नियतकालिकांत आपला निर्णय मांडला. शिळेच्या तुकड्यांच्या पातळ चकत्यांतच त्यांनीं झिरकॉन, रुटाइल व अपॅटाइट यांच्या कणांचीं वयें काढलीं. तुकडे कुटण्याची गरज पडली नाहीं. झिरकॉनचे बहुतेक कण १०० कोटी ते २८० कोटी वर्षांचे निघाले. रुटाइल व अपॅटाइट यांचा मोठा गट मात्र सुमारें ४६ कोटी वर्षांचा निघाला.

या दोन आंकड्यांचा अर्थ समजण्यास ब्रिटनच्या भूमीचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे. आज एक दिसणारें हें बेट मुळांत दोन खंडांच्या तुकड्यांचें आहे. उत्तरेकडील स्कॉटलंडचा पाया ग्रीनलंड व उत्तर अमेरिका ज्या प्राचीन खंडाचे भाग आहेत त्या लॉरेन्शियाचा. दक्षिणेकडील इंग्लंड व वेल्स यांचा पाया अव्हॅलोनिया नांवाच्या वेगळ्या भूखंडाचा. दोहोंमध्यें समुद्र होता. तो मिटून सुमारें ४२ कोटी वर्षांपूर्वीं हे तुकडे जोडले गेले, व तो सांधा आजच्या इंग्लंड-स्कॉटलंड सरहद्दीच्या आसपास जातो. शंभर कोटींहून जुन्या कणांचें जें प्राबल्य वेदीशिळेंत आहे तें लॉरेन्शियाचें लक्षण. आणि त्या जुन्या भूमींत सुमारें ४६ कोटी वर्षांपूर्वीं तप्त रस घुसून जी उलथापालथ झाली तीही स्कॉटलंडच्या बाजूची. ब्रिटन व आयर्लंड येथील वालुकापाषाणांच्या वयांशीं हें चित्र ताडून पाहिलें असतां तें ईशान्य स्कॉटलंडांतील ऑर्केडियन खोऱ्याच्या जुन्या तांबड्या वालुकापाषाणाशीं जुळलें. हें स्थान स्टोनहेंजपासून किमान ७५० किलोमीटर दूर आहे. मुंबईपासून नागपूर सरळ रेषेनें इतकें दूर नाहीं.

खोरें ठरलें म्हणजे खाण ठरली असें नव्हे. ऑर्केडियन खोरें ऑर्कनी बेटें, केथनेस व मरी आखाताचा भोंवताल एवढ्या प्रदेशांत पसरलेलें आहे. ऑर्कनींत नवपाषाणयुगांतील प्रख्यात पाषाणवर्तुळें असल्यामुळें पुष्कळांची दृष्टि तिकडे वळली. परंतु त्याच वर्षीं बेव्हिन्स व सहकारी यांनीं ऑर्कनीच्या मुख्य बेटावरील खडक व तेथील वर्तुळांच्या शिळा तपासून पाहिल्या, आणि त्यांची खनिजरचना वेदीशिळेशीं जुळत नाहीं असें दाखविलें. सोईस्कर दिसणारें दुसरें अनुमानही अशा रीतीनें कसोटीस लागलें, व टिकलें नाहीं.

(६)

या पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीं तर तिचा दुरुपयोग होईल.

पहिला दोष असा कीं कठीण कण अनेक जन्म घेतात. झिरकॉन झिजत नाहीं व विरघळतही नाहीं. एक वालुकापाषाण झिजून दुसरा झाला, तो झिजून तिसरा झाला, तरी झिरकॉन तोच राहतो. नकलेवरून नक्कल केलेल्या प्रतींत मूळ ग्रंथकाराचें नांव कायम राहतें, पण मधल्या नकलकारांचा पत्ता लागत नाहीं, तसें हें आहे. म्हणूनच नुसत्या झिरकॉनवर न थांबतां अपॅटाइटासारखें नाजूक खनिजही पाहावें लागतें. असलें खनिज फार फेरे सोसत नाहीं. वेदीशिळेच्या निर्णयास बळकटी आली ती तीन निरनिराळ्या खनिजांची साक्ष एकत्र घेतल्यामुळें.

दुसरा दोष, जें सांपडत नाहीं तें नव्हतेंच असें मानण्याचा. जमिनींत गाडल्यावर झिरपणाऱ्या पाण्यानें कांहीं खनिजें विरून जातात. शिवाय सर्व खडकांत सर्व खनिजें नसतात. गोदावरी त्र्यंबकेश्वरीं उगम पावून पुष्कळ दूरवर काळ्या पाषाणाच्या प्रदेशांतून वाहते, व मग पूर्वेकडील जुन्या खडकांतून समुद्रास मिळते. काळ्या पाषाणांत झिरकॉन जवळ जवळ नसतोच. उद्यां तिच्या मुखाजवळच्या वाळूचा दगड झाला व कोणी त्यांतील फक्त झिरकॉन मोजले, तर सबंध सह्याद्री त्याच्या हिशेबांतून निसटेल, व ही नदी पूर्वघाटांतच उगम पावली असें तो लिहून जाईल. तेथें पायरॉक्सीन व लोहमय काळे कण यांनाच साक्षीस बोलाविलें पाहिजे.

तिसरा दोष हा कीं पाणी कणांची निवड करतें. एकाच नदीच्या वाळूंत जड कण एका जागीं व अभ्रक दुसऱ्या जागीं सांचतें. म्हणून दोन नमुन्यांची तुलना करतांना त्यांतील कणांचा आकार सारखा आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें, नाहीं तर भेद मुळाचा नसून प्रवाहाचा निघेल.

चवथी गोष्ट दोष नव्हे, मर्यादा आहे. लेखाच्या आरंभीं सांगितलेल्या तीन प्रश्नांपैकीं दोहोंचींच उत्तरें कण देतात. वेदीशिळेचे कण लॉरेन्शियाच्या भूमींत जन्मले. दगड ऑर्केडियन खोऱ्यांत झाला. इतकें त्यांनीं सांगितलें. ती शिळा सॅलिसबरीच्या माळावर कोणी व कोणत्या वाटेनें आणिली, हें त्यांस ठाऊक नाहीं. डोंगर-नद्यांतून इतकें वजन ओढणें दुर्घट, म्हणून ती समुद्रमार्गें आणिली असावी असें क्लार्क प्रभृतींनीं सुचविलें आहे. हें अनुमान सयुक्तिक असलें तरी तें कणांच्या वयांइतकें पक्कें नव्हे, व दोहोंस एकाच पंक्तीस बसवूं नये. १९२३ च्या सूचनेचें जें झालें तें या सूचनेचें होऊं नये.

(७)

शेवटीं संग्राहकांसाठीं दोन शब्द. स्टोनहेंजची मूळ शिळा कोसळलेल्या दोन शिळांखालीं आहे. तिचे नवे तुकडे काढण्यास परवानगी मिळणें कठीण. हा निर्णय शक्य झाला तो पूर्वीं कोणी जपून ठेवलेल्या लहानशा तुकड्यांमुळें. त्यांपैकीं एक सॅलिसबरीच्या संग्रहालयांत होता, व तो वेदीशिळेच्या खालच्या भागांतून आल्याची इ. स. १८४४ ची चिठ्ठी त्याबरोबर होती. ज्यानें ती लिहिली त्याच्या काळीं कणाचें वय काढण्याची कल्पनाही कोणास नव्हती. त्यानें फक्त कोठून, केव्हां, एवढें लिहून ठेविलें. तरीही नंतरच्या संशोधकांनीं चिठ्ठीवर आंधळा विश्वास ठेविला नाहीं. तुकड्याची रासायनिक रचना प्रत्यक्ष शिळेशीं ताडून पाहिली, व जुळल्यावरच त्यास अस्सल मानिलें. चिठ्ठी नसती तर तुकडा कोणत्या शिळेशीं ताडावा हें कळलें नसतें, व ताडून पाहिला नसता तर चिठ्ठीवर शंका राहिली असती.

आपल्या देशांतही मथुरेच्या ठिपकेदार तांबड्या दगडाच्या मूर्ति, चुनारचा म्हणून ओळखला जाणारा स्तंभांचा दगड, असे वालुकापाषाणाचे पुष्कळ अवशेष संग्रहांतून आहेत. त्यांचें मूळ रंगावरून सांगण्याची संवय आहे. तें सांगणें चूक असेलच असें नाहीं. पण तें मत आहे, निर्णय नव्हे, हें लिहितांना शब्दांतून दिसलें पाहिजे. भग्न अवशेषाचा आपोआप सुटलेला कपचा फेंकून देऊं नये, घासून धुऊं नये, व त्यास दुसऱ्या कपच्यांत मिसळूं नये. तो वेगळ्या पुडींत ठेवून, कोणत्या अवशेषाच्या कोणत्या बाजूचा, कोठें व कोणत्या दिवशीं मिळाला, हें शाईनें लिहून पुडी त्या अवशेषाच्या क्रमांकाखालीं नोंदवावी. मूर्तीवर मात्र आपण होऊन छिन्नी चालवूं नये.